सह्याद्री वाचवतो म्हणे!

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी अरबी समुद्रात ढगांचं भेंडोळं फिरायला लागलं की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येऊन पडतात. पहिल्या प्रकारात मुंबईला मुंबादेवी वाचवते. ज्यांना देवीबिवी जुनाट वाटते त्यांच्यासाठी जरा सायंटिफिक आवृत्ती असते, तिच्यात सह्याद्री वाचवतो. दुसऱ्या प्रकारात १८८२ साली मुंबईत आलेल्या महाभयंकर वादळाची गोष्ट असते. त्यात म्हणे एक लाख माणसं मेली.

दोन्ही थापा आहेत.

सह्याद्रीचं आधी बघू. नकाशा उघडा. वादळ येतं पश्चिमेकडून, समुद्रातून. सह्याद्री उभा आहे पूर्वेला, कोकणच्या पाठीमागे. पुढच्या दाराने आलेल्या चोराला घराच्या मागच्या भिंतीने अडवलं, असं कुणी सांगितलं तर आपण हसू ना? पण हेच वाक्य चांगले शिकले-सवरलेले लोक हापिसात जेवणाच्या टेबलावर ठामपणे बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. सह्याद्री वाचवतो तो आम्हा पुणेकरांना. श्रीवर्धनकराला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि ते १८८२ चं वादळ? कोलंबिया विद्यापीठाचे अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वादळ-धोक्यावर २०१९ मध्ये निबंध लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की हे वादळ कधी झालंच नाही. एक लाख माणसं मेली असती तर त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत ढिगाने नोंदी सापडल्या असत्या. तशा त्या नाहीत. तरीही ही गोष्ट अनेक पुस्तकांत आणि याद्यांत जाऊन बसली. गंमत बघा, जे वादळ आलंच नाही ते सगळ्यांना पाठ आहे. आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये जे खरंच मुंबईवर आलं ते आजीआजोबांच्या पिढीबरोबर विसरलं गेलं. नोव्हेंबर २००९ चं ‘फयान’ तर आपल्याच डोळ्यांदेखत झालं. तेही मुंबई-अलिबागच्या पट्ट्यातच किनाऱ्यावर आलं होतं. विचारा कुणाला आठवतंय का.

मला या दोन थापांचा राग येतो, कारण दोन्हींचा परिणाम एकच होतो: काही करायला नको. देवी वाचवणार असेल तर करायचं काय, आणि एकदम लाख माणसं मरणार असतील तर करून उपयोग काय!

तर काही किनाऱ्यांवरच वादळं का येतात ते आधी नीट समजून घेऊ. (ज्यांना हे माहीत आहे त्यांनी चहा घेऊन यावं.)

चक्रीवादळ म्हणजे समुद्राच्या उष्णतेवर चालणारं इंजिन. त्याला लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच, पण सगळ्या एकाच वेळी लागतात. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सियसच्या वर हवं, आणि तेही नुसतं वरवर नाही तर पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. हवेत भरपूर दमटपणा हवा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला पीळ बसायला हवा, म्हणून विषुववृत्ताच्या अगदी जवळ वादळं जवळजवळ बनतच नाहीत (सिंगापूरजवळ २००१ साली ‘वामेई’ बनलं, ते अपवाद म्हणूनच लक्षात राहिलं). आणि चौथी अट, जी बहुतेक लोक विसरतात: खालचे वारे आणि वरचे वारे यांत फार फरक नको. खाली एकीकडे आणि वर भलतीकडे वारा असेल तर वादळाचा उभा खांब तिरका होऊन मोडतो. म्हणूनच भर जुलैमध्ये, धो धो पाऊस चालू असताना, आपल्याकडे मोठी चक्रीवादळं सहसा होत नाहीत. तेव्हा खाली मान्सूनचे जोरदार पश्चिमी वारे आणि वर पूर्वेकडून वाहणारा झोत असतो. त्यामुळे आपला वादळाचा मोसम दोन तुकड्यांत विभागला गेलाय, मान्सूनच्या आधी आणि मान्सूनच्या नंतर.

आता बंगालचा उपसागर घ्या. गंगा आणि ब्रह्मपुत्रेसकट इतक्या नद्या त्यात गोडं पाणी ओततात की वरचा थर हलका राहतो, खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही आणि तापलेलाच राहतो. शिवाय दक्षिण चिनी समुद्रात उठलेल्या वादळांचे अवशेष पश्चिमेकडे सरकत इथे येऊन पुन्हा जीव धरतात. अरबी समुद्रात उलट आहे. मान्सूनचे वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर उपसतात, वाळवंटातली कोरडी हवा आत घुसते, आणि जी वादळं बनतात त्यांतली बरीचशी ओमान-येमेनकडे निघून जातात किंवा वळून गुजरात गाठतात. कोकण मधे आहे, त्यामुळे आपल्याला बहुतेक वेळा घसटून जातात. आजवरचं प्रमाण बंगालच्या उपसागरात चार तर अरबी समुद्रात एक, असं ढोबळमानाने सांगतात.

बस्स, एवढंच आहे ते ‘वाचवणं’. पाण्याचं तापमान, वाऱ्यांची दिशा आणि थोडं नशीब. यातली पहिली गोष्ट बदलायला लागलेली आहे. आमच्या पुण्यात पाषाण रोडला आयआयटीएम नावाची संस्था आहे, रोज हजारो इंजिनियर तिच्यावरून हिंजवडीला जात असतील. तिथल्या मेधा देशपांडे, रॉक्सी कोल वगैरे शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ ची आकडेवारी तपासली. तिच्या उत्तरार्धात, म्हणजे २००१ नंतर, अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या काळाच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली. एकट्या २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. तेव्हा ‘आपल्याकडे येत नाहीत’ हे वाक्य आता जरा जपून वापरलेलं बरं.

पण वादळ येणं आणि माणसं मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं खरं भांडण इथूनच सुरू होतं.

वादळात सगळ्यांत जास्त माणसं वाऱ्याने मरत नाहीत, पाण्याने मरतात. हवेचा दाब कमी झाल्याने समुद्र थोडा फुगतो, पण ते किरकोळ, एक मिलिबारला जेमतेम एक सेंटिमीटर. खरं काम वारा करतो. तो पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतो. किनारा उथळ असेल तर त्या पाण्याला खालून परत जायला जागा नसते, मग ते वर चढतं. आणि किनाऱ्याचा आकार नरसाळ्यासारखा असेल तर विचारूच नका. बंगालच्या उपसागराचं उत्तर टोक म्हणजे उथळ नरसाळं, आणि त्याच्या तोंडाशी समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेली, माणसांनी खच्चून भरलेली बेटं. १९७० च्या नोव्हेंबरात भोलाच्या वादळाने तिथे तीन ते पाच लाख माणसं मारली. १९९१ च्या एप्रिलमध्ये त्याच किनाऱ्यावर सुमारे १ लाख ३८ हजार.

आणि नंतर? २००७ साली ‘सिद्र’ आलं. ते काही लेचंपेचं वादळ नव्हतं. मृत्यू सुमारे ३,४००. हाही आकडा भयंकरच, पण लाखांवरून हजारांवर. बंगालचा उपसागर काही मधल्या काळात खोल झाला नव्हता. बांगलादेशाने वादळी निवारे बांधले, मातीचे बांध घातले, आणि १९७० च्या धड्यानंतर हजारो स्वयंसेवकांची फौज उभी केली, जी सायकलवरून, भोंगे घेऊन, दारोदार जाते. दारोदार हे महत्त्वाचं. कारण २०१३ मध्ये ‘हैयान’ फिलिपाइन्सवर आलं तेव्हा इशारा मिळूनही सहा हजारांवर माणसं गेली. टॅक्लोबान शहरातल्या कित्येकांना इशाऱ्यातला ‘समुद्र चढण्याचा’ इंग्रजी शब्द कळलाच नव्हता. जोराचा वारा येणार एवढंच समजून लोक घरात थांबले.

आपल्याकडचे बुलेटिन कधी वाचलेत? ‘अतितीव्र चक्रीवादळ’, ‘समुद्र खवळलेला ते अतिखवळलेला’. दापोलीच्या कोळणीला ‘आज उधाणाची भरती आहे, तिच्यावर आणखी माणूसभर पाणी चढेल, संध्याकाळी पाचच्या आत वरच्या शाळेत जा’ असं सांगितलं तर ती ऐकेल. उधाण आणि भांग तिला आपल्यापेक्षा जास्त कळतात. मुंबईला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत पाचेक मीटरचा फरक पडतो. म्हणजे तेच वादळ ओहोटीला आलं तर निभावलं, आणि भरतीला आलं तर घरात पाणी. हा हिशेब मराठीत, गावागणिक, वेळेसकट सांगायला कुठलं रॉकेट सायन्स लागतं?

आता ओडिशाबद्दल. २९ ऑक्टोबर १९९९ ला पारादीपजवळ महाचक्रीवादळ आलं. वारा ताशी २६० किलोमीटरच्या आसपास, मृत्यू जवळजवळ दहा हजार. त्यानंतर त्या राज्याने काय केलं? त्याच वर्षाच्या अखेरीस आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं, म्हणजे राष्ट्रीय प्राधिकरण अस्तित्वात यायच्या कितीतरी आधी. किनाऱ्यावर आठशेहून जास्त निवारे बांधले आणि त्यांत एरवी शाळा वगैरे भरवल्या, म्हणजे इमारती वापरात राहतात, किल्ली कुणाकडे आहे हे ऐन वेळी शोधावं लागत नाही. (हसू नका. किल्ली सापडत नाही हे आपल्या देशातल्या निम्म्या योजनांच्या अपयशाचं कारण आहे.) गावागावांत समित्या, दरवर्षी सराव. १२ ऑक्टोबर २०१३ ला ‘फायलिन’ गोपालपूरला धडकलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवलेले होते. मृत्यू पन्नासच्या आत. मे २०१९ मध्ये ‘फनी’च्या वेळी सुमारे बारा लाख लोक हलवले, २६ लाख एसएमएस पाठवले. मृत्यू ६४.

दहा हजारांवरून चौसष्ट! आमच्या कंपनीत डाउनटाइम असा कमी करून दाखवला असता तर त्या माणसाला स्टेजवर बोलावून शाल दिली असती. आणि हे केलं कुणी, तर ज्या राज्याला आपण कालपरवापर्यंत ‘मागास’ म्हणत होतो त्याने. श्रीमंत महाराष्ट्राला हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये.

बरं, ओडिशाची आरतीही ओवाळायची नाहीये मला. ‘फनी’नंतर पुरीत कित्येक दिवस वीज नव्हती, खांब आडवे, छपरं गायब. जीव वाचवायचं तंत्र त्यांना जमलं, घर आणि पोट वाचवायचं अजून बाकी आहे. आपल्या कोकणाचा प्रश्न नेमका हा दुसरा आहे.

३ जून २०२०. ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. लोकांना वेळेवर हलवलं होतं, मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रशासनाला याचे पूर्ण मार्क. पण त्या दिवशी वारा होता ताशी ११०-१२० किलोमीटर, झोत १३० च्या आसपास. आता इंजिनियर म्हणून एक आकडा सांगतो. इमारतीवर वाऱ्याचा भार किती धरायचा याचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, भाग तिसरा. त्यात मुंबईसाठी मूळ वेग धरलाय सेकंदाला ४४ मीटर, गोव्याकडे ३९. ताशी काढा: १५८ आणि १४०. म्हणजे ‘निसर्ग’चा वारा आपल्याच मानकापेक्षा कमी होता! मानकाप्रमाणे बांधलेल्या गोष्टीला त्याने धक्का लागायला नको होता. मग श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली, मंडणगड इथे जे उडालं ते काय होतं? ते होते दोन-चार जे-हुकांवर ठेवलेले पत्रे, नुसती रचलेली कौलं आणि विजेचे खांब. यातलं कुणी इंजिनियरने डिझाइन केलेलंच नव्हतं, किंवा केलं असेल तर तपासलेलं नव्हतं. याला ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणायचं असेल तर आमच्याकडे बॅकअप न घेता डेटा उडाला की त्यालाही ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणायला हवं.

त्याच मानकात अजून एक जागा आहे. २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळाच्या पट्ट्यासाठी एक जादा गुणक दिलाय. शाळा, हॉस्पिटल, निवारे, टॉवर अशा वादळानंतर उभ्या राहायलाच हव्यात अशा इमारतींना वाऱ्याचा वेग १.३ पट धरायचा. भार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सुमारे ७० टक्के जास्त मजबुती. हा नियम कुठे लागू? पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्यापासून ६० किलोमीटर. पश्चिम किनाऱ्यावर फक्त गुजरातला तीव्र वादळांचा धोका आहे असं त्या कलमात लिहिलंय. कोकण नाही. जेवणाच्या टेबलावरचा ‘आपल्याकडे येत नाहीत’ हा समज राष्ट्रीय मानकातही जाऊन बसला आहे, फक्त सभ्य भाषेत.

विजेचंही तेच. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात २०१५ साली महाराष्ट्राचा समावेश झाला. निवारे, खारबंधारे, जमिनीखालून विजेच्या केबल, सगळं त्यात होतं. पाच वर्षांनी ‘निसर्ग’ आलं तेव्हा श्रीवर्धनच्या तारा डोक्यावरच होत्या. पडल्या. काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही, मोबाइल टॉवर नाही, आणि जी काही बाग शिल्लक होती तिला शिंपणं नाही.

बागेचं नुकसान मात्र वेगळंच. श्रीवर्धनचा रोठा सुपारी ज्याला माहीत आहे त्याला कळेल. पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात, नारळाचंही तसंच. आईच्या मामाची तिकडे वाडी आहे. तो फोनवर म्हणाला, “अरे, भात गेलं तर पुढल्या वर्षी भात येतं. ही झाडं माझ्या बापाने लावलेली.” आणि भरपाईचा हिशेब कसा? हेक्टरी. आधीचा दर हेक्टरी १८ हजार होता, तो सरकारने ५० हजार केला आणि पेपरात कौतुक झालं. आता कोकणातली वाडी हेक्टरात असते का हो? ती असते गुंठ्यात. पन्नास हजाराला शंभराने भागा: गुंठ्याला ५०० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार. ओरड झाल्यावर झाडामागे मदत द्यायचं ठरलं, पोफळीला ५० आणि माडाला २५० रुपये. पडलेली पोफळ कापून वाडीबाहेर काढायची मजुरी तरी तेवढ्यात निघते का, ते स्वतःच विचारून बघा.

मग पुढच्याच वर्षी, मे २०२१, ‘तौक्ते’. इशारा काही दिवस आधीपासून होता, वादळाचा मार्गही सांगितला होता. तरीही मुंबई हायजवळ तेलक्षेत्रावर काम करणाऱ्यांचा राहता बार्ज समुद्रातच राहिला, पी-३०५, वर २६१ माणसं. तो बुडाला, एक टगबोटही बुडाली, आणि दोन्ही मिळून सत्तरहून जास्त माणसं गेली. नौदलाने जीव धोक्यात घालून बाकीच्यांना काढलं म्हणून. इथे ना गरिबी आडवी आली, ना अज्ञान, ना बुलेटिनची भाषा. इशारा वाचून ‘काम थांबवा, किनाऱ्याला चला’ म्हणणारा माणस वेळेवर बोलला नाही. काम थांबवलं तर रोजचा खर्च अंगावर येतो, आणि डेडलाइन असते. हे मला जास्त झोंबतं, कारण असल्या मीटिंगा मी पाहिलेल्या आहेत. आमच्याकडे फक्त सर्व्हर बुडतो.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. कोकणात दहा-पंधरा वर्षांतून एखादं वादळ येणार, त्यासाठी एवढा खर्च कशाला? उत्तर असं की बराचसा खर्च वादळाचा नाहीच. शाळेचं छप्पर पक्कं असणं, वीज जमिनीखालून जाणं, खारबंधारा धड असणं हे दर पावसाळ्यात उपयोगी पडतं. पत्र्याला कडेच्या ओळीत दुप्पट हुक मारायला चार-पाचशे रुपये जास्त जातील. वारा छपराला वरून दाबत नाही, वर ओढून काढतो आणि तेही कडेपासून सुरुवात करून, म्हणून कडेला जास्त. जुन्या लोकांची चौपाखी घरं दुपाखी घरांपेक्षा वाऱ्याला बरी टिकतात. उतार चारी बाजूंना असल्याने वाऱ्याला पकडायला उभी त्रिकोणी भिंतच मिळत नाही. हे आजोबांना माहीत होतं, हल्लीच्या रिसॉर्टवाल्याच्या आर्किटेक्टला नाही.

आणि रिसॉर्टवरून आठवलं. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकाम-बंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटर केला. अगदी त्याच काळात अरबी समुद्र तापत होता. केंद्रापाड्याच्या गावांचा १९९९ च्या वादळानंतरचा अभ्यास सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये छापला: समुद्र आणि गाव यांच्यामध्ये तिवरांचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी. (त्याच अभ्यासात हेही आहे की वेळेवरच्या इशाऱ्याने तिवरांपेक्षा जास्त जीव वाचवले, म्हणून एक करा आणि दुसरं सोडा असं नाही.) आपण काय करतो, तर तिवरं तोडून ‘सी-व्ह्यू’ विकतो, आणि तो घ्यायला कर्ज काढून रांगेत उभे राहणारे तुम्ही-आम्हीच असतो. पुढच्या वेळी दापोलीला ‘समुद्रापासून वीस पावलांवर’ म्हणून बंगल्याचा प्लॉट दाखवायला कुणी नेलं, तर त्याला उधाणाची रेषा कुठपर्यंत येते ते विचारा. छपराला हुक किती आणि कुठे, तेही विचारा. आणि जवळच्या शाळेची किल्ली कुणाकडे असते, तेही.